ठिकाण

ठाकूरद्वारला दुसऱ्या मजल्यावर मी दात करतो.
लोक म्हणतात चिनी मातीचे,
पण त्यात माती नावाला, बाकी फेल्डस्पार :
दळलेला, चाळलेला, परदेशी शिक्क्याच्या डबीतून आलेला.
नऊशे साठ अंशांवर भट्टीत तो घामेजतो,
मग चमकतो,
मग ताकीद देऊनही कुणीतरी त्याने चिक्की फोडतं.

डबीवर असतं : छटा ए-तीन, लॉट नंबर, मुदत.
कुठल्या डोंगराचा, ते नसतं.
तिथून हे खूळ.

प्रदर्शनात व्यापारी मखमलीवर
हिरव्या अपोफिलाइटचे झुबके मांडून बसतात.
फेल्डस्पार म्हटलं की हसतात.
"अहो, तो काय जमवायचा? पायाखाली तोच की."
खरंय. पृथ्वीच्या सालीत निम्म्याहून जास्त तोच.
म्हणून तर.
जो सगळीकडे असतो
त्याला पत्ता कोण विचारतो?

नऊ नंबर : परळ, लिफ्टसाठी खणलेला खड्डा.
काळ्या दगडात पांढऱ्या काड्या,
कुणी जेवता जेवता शितं सांडल्यासारख्या.
वॉचमन म्हणाला, सोनं आहे काय?
सतरा : शिवडी, गोदीमागचा भराव. गुलाबी.
हा इथला नव्हेच, कुठल्यातरी जहाजातून उतरलेला.
"शिवडी" लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह.
चव्वेचाळीस : कांदिवली, एका बारच्या काउंटरचा फुटका कोपरा,
तिरका धरला की आतून निळा पेटतो.
साडेतीनशे बिल झालं. मी पीत नाही.

भुयार खणत होते त्या वर्षी
रात्रभर डंपर जायचे.
एकदा सिग्नलला एक ढेकूळ पडलं, उचललं,
टूथब्रशने धुतलं. माझी हत्यारं तीच.
नखाएवढी पाटी निघाली, भिंगाखाली तिच्यावर
दुरेघी वहीसारख्या बारीक रेघा.
साडेसहा कोटी वर्षं कुणी काही लिहिलं नव्हतं.
ठिकाण? दोन स्टेशनांच्या मध्ये, खूप खाली,
जिथे आता दगड नाही, पोकळी आहे.
ठिकाणाच्या रकान्यात मी लिहिलं : होतं.

मनोरीच्या बर्नाडेट मुर्झेलोंना
रंग जुळवायला डॉक्टरने माझ्याकडे पाठवलं.
खिडकीपाशी बसवलं, ओठ वर धरा म्हटलं.
ओठ वर, आणि डोळे माझ्या खणावर.
"दगड जमवता, विजयकर?
आमच्या विहिरीतून असले पाटीभर निघाले होते."

पुढच्या खेपेला सुक्या बोंबलांच्या पिशवीतून
कागदात गुंडाळून एक काढला.
राखी दगड, त्यात काचेसारख्या चौकोनी वड्या. सॅनिडीन!
आमच्या काळ्या पाषाणाच्या शेजारी
हा पांढरपेशा कुठून राहायला आला?
महिनाभर वास गेला नाही.
मी घालवलाही नाही,
ठिकाणाचा पुरावा म्हणून राहू दिला.

विहीर कुणाची, विचारलं.
"सासऱ्यांची. पास्कू नाव. आता बुजवली, वर टाकी बसवली.
लिहा, त्यांचंच नाव लिहा."
लिहिलं. त्रेसष्ट.

दात बसला. आरशात त्या एकदा गंभीर झाल्या, एकदा हसल्या.
मग सहज म्हणाल्या, "आणि हा कुठला?"
मी डबी फिरवून फिरवून पाहिली.
लॉट नंबर. मुदत.
सांगता येईना.

रात्री भट्टी निवल्यावर वही उघडली.

चौसष्ट. फेल्डस्पार, भाजलेला.
आकार : सुळा.
मूळ : माहीत नाही.
अवस्था : वापरात.
ठिकाण : मनोरी बाजार, बर्नाडेट मुर्झेलो,
वरची डावी बाजू, पुढून तिसरा.
एरवी दिसत नाही.
गिऱ्हाईक पापलेटचा भाव पाडायला लागलं
की स्वच्छ दिसतो.