जाळ्याचं शिसं

पंचावन्नच्या पुढं काटा गेला
की स्टिअरिंग हातात धडधडायचं,
भरल्या दिवसांच्या म्हशीच्या कुशीवर तळवा ठेवावा तसं.
चारठाण्याच्या वळणावर तर
डॅशबोर्डवरची सिरिंजची पेटी चालत चालत
माझ्या मांडीत येऊन बसली.

परभणीच्या दुकानदारानं टायरकडं पाहिलं,
मग मशीनकडं, मग माझ्याकडं.
"एवढं धूड यावर बसत नाही, मॅडम.
कुणी सांगितलं असले घ्यायला?"
काळ्या रानानं.
जुलैत जीप दोनदा रुतली.
दुसऱ्यांदा ओढायला बैल जुंपला तो
ज्याला सलाईन लावायला निघाले होते
त्याचाच जोडीदार.

म्हणून मग घरीच.
ख्वाजाभाई जिंतूर डेपोत एकतीस वर्षं फिटर.
गुडघे गेले, एक कान गेला,
बोटं शाबूत.
भंगारातून ट्रॉलीचं हब आणलं,
लिंबाच्या ओंडक्याला ठोकलं,
बेअरिंगचं ग्रीस डिझेलनं धुऊन काढलं.
"ग्रीस झूठ बोलतं, डॉक्टरबाई.
सुकं बेअरिंग खरं सांगतं."

टायर चढवायला तिघं लागलो:
मी, ते, आणि समोरच्या गिरणीतला उत्तरेश्वर,
भुवयांवर पीठ तसंच घेऊन आलेला.

सोडला.
डुलला इकडं, डुलला तिकडं,
आणखी जरासा इकडं,
कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा थांबला.
खाली आला तिथं खडूची रेघ.
पुन्हा फिरवला, पुन्हा रेघ खाली.
गल्लीतली पोरं गोट्यांच्या पैजा लावू लागली
आणि रेघेच्या विरुद्ध लावणारा झुबेर
सगळ्या गोट्या हरला.

आता जड बाजूच्या समोर वजन.
चिकटवायची पट्टी गावात मिळेना,
लागणार तर पावशेराच्या वर.
येलदरीच्या धरणावर संपत जाळं टाकतो,
त्याच्या शेळीचं आडवं करडू मी मार्चात फिरवून काढलं होतं.
त्यानं जाळ्याच्या कडेचे शिशाचे मणी सोडून
रुमालात बांधून दिले.
ते हातोडीनं चपटे केले, टेपनं लावले.
"बोटभर खाली. नको.
दोन जव वर."

दुपारपर्यंत असं झालं
की चारवर सोडला तर चारवर,
अकरावर सोडला तर अकरावर.
पैज लावण्यासारखं काही उरलं नाही,
पोरं निघून गेली.

तिसरा मात्र ऐकेना.
मणी लावत गेले, लावत गेले,
रिम लग्नातल्या घोड्यासारखी सजली,
तरी रेघ खालीच.
मग उत्तरेश्वरनं सहज आत हात घातला
आणि खुरपं मागितलं.

रिमच्या आतल्या घडीत
वाळून खापर झालेली माती,
हाताएवढी, वाकडी,
तिच्यात हरभऱ्याचा एक दाणा, मोड फुटून सुकलेला.
कुठल्या वस्तीवरची, कुठल्या रात्रीची,
आठवायला लागले तर
तीन गाभडलेल्या गाई आठवल्या आणि एक वाचलेली.
गिरणीच्या काट्यावर भरली:
तीनशे दहा ग्रॅम.

ख्वाजाभाई काही बोलले नाहीत.
एकेक मणी काढत गेले.
शेवटचा काढल्यावर म्हणाले,
"लिहून ठेवा. पहिलं धुवायचं."
आणि स्वतःच हसले, बहिऱ्या कानाच्या बाजूनं.

काल सेलूच्या रस्त्याला सत्तर गाठली.
पेटी जागची हलली नाही.
हात रिकामे वाटले, खरं सांगते,
तीन महिने काहीतरी धरून ठेवायची सवय झालेली.

रात्री संपतचा फोन.
शेळीचं बरं आहे, करडू उड्या मारतंय.
मग थोडा घुटमळला:
"बाई, ते मणी…
जाळं एका अंगानं तरंगायलंय,
मासे खालून निघून चाललेत."