ठोकून बघणं

नेरूळच्या दवाखान्यात डॉक्टर फोटो उजेडाला धरतात,
म्हणतात, कूर्चा संपलीय. दोन्हीकडची.
मी मान हलवतो,
पण लक्ष खाली.
ही लादी मी बसवलीय.
दोन हजार सात, दिवाळीच्या आधी,
दोन बाय दोन, मोरबीचा माल.
दौलत मिस्त्री तेव्हा होते,
आणि दाराकडून सुरुवात केली म्हणून
त्यांनी माझ्या पाठीत गुण्या घातला होता.

एकतीस वर्षं.
सीवूड्स, खारघर, उलवे, परत घणसोली.
किती घरांत मी मालकाच्या आधी राहिलो,
खिडक्यांना काचा नव्हत्या तेव्हा,
बोटांच्या बेचक्यांत सिमेंट चावायचं तेव्हा,
हॉलच्या मधोमध डबा सोडून जेवलो.
मग तिथं सोफा आला.
मग खाली गेटवर वहीत नाव लिहायला लावलं,
कुणाकडे? काय काम?

राग येतो का, तर येतो.
पण दोरी ताणून पहिली ओळ बसते,
पाणपातळीतला बुडबुडा हलत हलत मधे येऊन थांबतो,
तेव्हा पोटात जे होतं
ते लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं.
हे यमुनाला सांगू नका.

यमुना रात्री तेल चोळते.
म्हणते, लोकांच्या घरात टेकून टेकून
देवापुढं टेकायला गुडघे ठेवले नाहीत तुम्ही.
तुर्भ्याच्या आमच्या खोलीत
उरलेल्या तुकड्यांची फरशी आहे, अकरा रंगांची.
मी तिला नक्षी म्हणतो.
ती म्हणते, उष्टं.

पोरगा ऐरोलीला, गार हवेत,
कानाला यंत्र लावून परदेशातल्या लोकांची समजूत काढतो.
त्याला करणी कशी धरतात माहीत नाही.
हेच तर मला हवं होतं.
तरी परवा त्यानं हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकली,
नुसतं विचारलं, ठेवू ना बाबा, आता?
मी दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी.

डॉक्टर छोट्या रबरी हातोडीनं गुडघा ठोकतात.
माझ्याकडे आहे तशीच, मोठी.
पोकळ लादी डोळ्याला कळत नाही,
आवाजाला कळते.
उठताना वजनकाट्याशेजारी टाच आपटली
आणि ऐकू आलं.
ढब्.
माझीच. त्या दिवशी माल कमी पडला असणार,
किंवा संध्याकाळ झाली असणार,
किंवा मी थकलो असेन, मिस्त्री बघत नसतील.

ही काढून नवी बसवायला लागेल, मी म्हणालो.
डॉक्टर म्हणाले, हो, मघापासून तेच सांगतोय.
दोन्ही. पण एकेक करू.

मग खर्च सांगितला, एका गुडघ्याचा.
जिना उतरताना, कठडा धरून,
मी मजुरीच्या भावानं हिशेब केला.
दहा-बारा घरं होतात,
दोन बेडरूमची,
गॅलरी धरून.