सात

संध्याकाळी पाचपर्यंत तोंड उघडायचं नाही
असं सही करून दिलंय.
आता साडेतीन. ताम्पेरेत अंधार पडलाय,
जुन्या गिरणीच्या धुरांड्यावर लाल दिवा लागलाय,
आणि माझ्या लेखात एकच जागा रिकामी आहे:
उजवीकडचा तो चौकोन,
ज्यात फक्त आकडा मावतो.

बाकी सगळं लिहून झालं.
अडतीस तास खेळले. गेम दोनदा बंद पडला, दोन्ही वेळा पुलावर.
घोड्याचा मागचा पाय खडकातून आरपार जातो
आणि घोड्याला त्याचं काही नाही.
नकाशा वाचायला भिंग लागेल.
टपालवाल्याची चाल संथ, फारच संथ;
तळ्याच्या या काठावरून त्या काठाला जायला
खरीखुरी अकरा मिनिटं.
वाटेत ना शत्रू, ना खजिना,
पाठीवर पत्रांची थैली आणि पायाखाली बर्फ.
हे मी दोषांच्या रकान्यात टाकलं.
मग काढलं.
मग पुन्हा टाकलं.

याना म्हणते, सातच्या खाली गेलीस तर कारण लांबलचक लिही,
आठच्या वर गेलीस तर त्याहून लांब.
साडेसाताची सोय नाही.
अर्धे गुण आम्ही गेल्या वर्षीच बंद केले,
वाचकांचा गोंधळ होतो म्हणून.

ऑक्टोबरात मी एका युद्धाला नऊ दिले.
बाराशे माणसांनी सहा वर्षं खपून उभं केलेलं युद्ध,
प्रत्येक काडतुसाची सावली वेगळी.
नायकाचं नाव आता आठवत नाही.
नऊ मात्र आठवतात,
बसथांब्यावरच्या पोस्टरवर माझ्याहून उंच होते.

हा गेम पाच जणांचा. कायानीतले.

तिसऱ्या रात्री, तळ्याच्या मधोमध, बर्फ बोलला.
तडकण्याचा आवाज नव्हे, तो सगळेच घालतात.
हा दुरून येणारा, कुणी मैलभर लांब तार छेडावी तसा,
थंडी वाढताना तळं कूस बदलतं
तेव्हाचा.
मी हेडफोन काढून खिडकीशी गेले.
बाहेर नॅसियार्वी अजून गोठलंही नव्हतं.

नऊ वर्षांची होते. मासे धरायच्या भोकाशी, उलट्या बादलीवर बसलेले.
वडील गळाकडे बघतच म्हणाले होते,
घाबरू नको, आवाज करतोय म्हणजे धरतोय.

आवाजाला आमच्याकडे वीस टक्के.
त्यात संगीत धरून.

पावणेपाचपर्यंत मनात सात-पाच चाललं होतं.
पाचाचा तर प्रश्नच नव्हता.
सात लिहिले.
एक ओळ मात्र ठेवली, शेवटून दुसरी:
यातला बर्फ खरा आहे.

बाकीच्यांनी कुणी आठ दिले, कुणी नऊ,
एकाने चार, कारण टपालवाल्याकडे बंदूक नाही.
सरासरी चौऱ्याहत्तर.
पंच्याहत्तर झाली असती तर
प्रकाशक दुसऱ्या भागाला पैसे देणार होता,
हे मला डिसेंबरात कळलं. तेही ओघात,
तूक्का वेस्टेरिनेन नावाच्या माणसाच्या पत्रात.
तक्रार नव्हती. लिहिलं होतं:

आउती, बर्फाची ओळ तुम्ही लिहिलीत.
चार रात्री मी तळ्यावर पालथा पडून होतो,
भोकातून माईक खाली सोडून.
आमच्यातल्या कुणालाच फरक कळला नव्हता.
जानेवारीत कुलूप लावतोय.
खुर्च्या चांगल्या आहेत, हव्या असतील तर कळवा.

काय कळवणार.
तीनदा लिहायला घेतलं, तिन्ही वेळा
पहिल्याच वाक्यात 'पण' आला.

आज पुन्हा गेम लावला. जवळ वही नाही.
घोड्याचा पाय अजून खडकातच.
पूल ओलांडला, बंद पडला नाही.
तळ्याच्या मध्यावर आले, बटणावरचं बोट काढलं.
टपालवाला उभा आहे. तोंडातून वाफ.
थैलीत सतरा पत्रं, पलीकडे एकच दिवा.

बर्फ आवाज करतोय.
टपाल उशिरा पोचलं तर
या गेममध्ये गुण कापत नाहीत.