लाकूडकाम : वर्ग ठरवताना

पाटीवर लिहिलंय, 'पोकार पॅकेजिंग, द्राक्षपेट्यांचे उत्पादक'.
पाटीचा विमा उतरवत नाही आम्ही.
अंबडच्या या गल्लीत उजवीकडे तेलाचे डबे,
डावीकडे वेल्डिंग,
आणि मध्ये हा पत्रा, ज्याच्या मागे
काहीतरी किंचाळत होतं
आणि माझी स्कूटर थांबल्यावर गप्प झालंय.

वेलजीभाई चहा मागवतात.
"मॅडम, आपलं काम सोपं. फळ्या कापून येतात पेठ रोडहून,
इथे नुसत्या जोडायच्या. खिळा आणि हातोडी."
माझ्या पुस्तकात त्याला पान आहे :
पेट्या जोडणे, करवतीशिवाय. दर कमी.
पुढच्या पानावर, करवतीसह. दर जवळजवळ तिप्पट.

पुस्तकात सगळं लाकूड आहे.
सॉ मिल वेगळी, प्लायवूड वेगळं,
देव्हारे कोरणारे वेगळे
(पंचवटीतले निरगुडे भांडले होते,
'आम्ही देवाचं करतो, आम्हाला कसला अपघात?')
पॉलिशवाले वेगळे, त्यांचं भय बोटांना नाही, छातीला.
खाटा, खेळणी, शिड्या.
बांबू लाकूड धरायचा की गवत
यावर आमच्या शाखेत एक अख्खी दुपार गेली.
गवत ठरलं.

मी जमिनीकडे बघते.
फळ्यांबरोबर ट्रकमधून येतो तो भुसा करडा, दबलेला.
हा पिवळा आहे, ओलसर,
निलगिरीचा वास अजून त्याच्यात,
माझ्या सँडलच्या पट्ट्यात शिरलेला.

कप घेऊन मोतीराम थविल येतो. सुरगाण्याचा.
बशी त्यानं तळव्यावर तोललीय,
बोटांनी धरलेली नाही.
मी मोजत नाही. मोजून होतं.
"ते गावाकडचं," वेलजीभाई म्हणतात. "उसाच्या चरकात."
सुरगाण्यात ऊस?
तिकडे नागली, वरई, भात.
मोतीराम माझ्याकडे नाही, पत्र्याकडे बघतो.

पत्र्याला दार आहे. उघडते.
गोल करवत, अजून गरम.
तिचं गार्ड भिंतीवर खिळ्याला,
त्यावर कुणाची तरी टोपी.

वेलजीभाई चढ्या आवाजात बोलत नाहीत.
त्यांचं मराठी हळू होतं फक्त, कच्छकडे झुकतं.
"लिहा. खरं तेच लिहा.
पण पेटी पाच रुपयांनी महाग झाली
तर पिंपळगावचा शेठ प्लॅस्टिकच्या क्रेटकडे जाणार.
माझ्याकडे अकरा माणसं आहेत..."
अकरावर थांबतात. चहाची साय बोटानं बाजूला करतात.

मी लिहिते. करवतीसह.
चालतं ते काम धरायचं, सांगितलं जातं ते नाही,
आणि मजुरी वेगळी दाखवता येत नसेल
तर सगळे चढ्या दरात, झाडूवालासुद्धा.
सही करते. अक्षर चांगलं आलंय.
खोटं कशाला सांगू, बरं वाटतं,
गरवारे पॉइंटच्या सिग्नलपर्यंत तरी.

नूतनीकरणाला गेले ते पुढच्या फेब्रुवारीत.
हंगाम तापलेला, दारात ट्रक लागलेला.
करवत उघड चालू, गार्ड जागेवर.
हे मी दोनदा अधोरेखित केलं.
मस्टरवर नावं नऊ.
थविल त्यात नव्हता.
"गावी गेला," वेलजीभाई म्हणाले,
आणि चहाचं विचारलं नाही.

निघताना उंबऱ्याशी थांबले.
भिंतीकडेला चपला.
सवयीनं मोजल्या, अकरा जोड,
एकाचा अंगठा तारेनं बांधलेला,
तारेत पिवळा भुसा.
वर माळ्यावर कुणीतरी खिळे ठोकत होतं :
दोन ठोके, मग थांबणं, मग एक,
खिळा नीट उभा राहत नसला की ठोकतात तसं.

आकडा नऊ होता, फॉर्म नऊचा भरला.
समासात पेन्सिलनं
लिहिलं, ११.
कुणासाठी ते लिहिलं नाही.