सात आकडे

आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेला ओव्हन
मुहर्रकच्या या दोन खोल्यांत आम्हा पाच जणांना
फुकट मिळाला. बटणाभोवती आकडे:
दोनशे, तीनशे, चारशे, पाचशे.
शिनोज म्हणाला, यात माणूस भाजून निघेल.
म्हटलं, फॅरनहाइट आहे रे.
बत्तीस वजा कर, पाचाने गुण, नवाने भाग,
मग आपल्या ओळखीचा ताप निघतो.

हे गणित यार्डात रोजचंच.
जहाजाच्या कागदावर एक आकडा,
वेल्डिंग रॉडच्या पाकिटावर दुसरा,
आणि लोखंड कुठलीच भाषा वाचत नाही,
लाल व्हायचं तेव्हा लाल होतं.
गेटवरचा बोर्ड शेहेचाळीस म्हणतो,
फोरमनची गाडी एकशे पंधरा.
दुपार एकच. घामही तेवढाच.

ईदला नानकटाई करायची होती.
बाणकोटला नफीसाला फोन लावला.
मैदा? तीन कप.
कुठला कप? दांडी तुटलेला, विसरलास?
विसरलो नव्हतो. पण कप तिथे फळीवर, मी इथे.
शेवटी तिने त्यात काठोकाठ पाणी भरलं
आणि न हिंदकळता बंदरावर नेलं,
शकूच्या काट्यावर, पापलेटं बाजूला सारून.
कपाचं वजन जाता एकशे सत्तर ग्रॅम.
"घोटभर वाटेत सांडलं असेल, ते धर."
धरलं.

तूप? मूठ वळली की वळलेली राहील इतकं.
वेलची? शेजारणीला कळेपर्यंत.
वेळ? एक यासीन.
तिची यासीन सावकाश, शब्द न् शब्द
धुऊन वाळत घातल्यासारखा.
माझी बावीस वर्षांत घाईची झालीय,
बस सुटण्याआधी संपणारी.
म्हणून तिलाच फोनवर वाचायला लावली
आणि घड्याळ लावलं. एकोणीस मिनिटं.
मध्ये एकदा खोकली, तेही धरून.

आणि आच?
"अब्बांसारखी. हात आत धर, आकडे मोज.
सातला हात आपसूक मागे आला
की ट्रे सरकव."

अब्बा मंडणगडला बेकरीच्या भट्टीवर होते.
रमजानच्या शेवटच्या आठवड्यात गावोगावचे ट्रे दारापर्यंत,
प्रत्येकावर पिठाने चिकटवलेली नावाची चिठ्ठी.
चिठ्ठी जळायची, कुणाचा ट्रे कुणाला गेला नाही.

मी हात आत धरला.
पाच. सहा. सात.
हात तिथेच.
आठ, नऊ, दहा. वाटलं, अजून तापला नाही.
बटण पुढे सरकवलं, पुन्हा मोजलं, पुन्हा सरकवलं,
होता होता सातला हात मागे आला.
ट्रे आत गेला.
अर्ध्या यासीनमध्येच धूर.
चोवीसच्या चोवीस, बुडाला यार्डाचा रंग.

रोडेलने खिडकी उघडली,
बाहेरची हवा आत आली, तीही भाजलेली.
मी तळहात उलटसुलट करून पाहत होतो.
बावीस वर्षं हातमोजे,
आणि हातमोज्यांशिवाय उरकलेली कामं.
यातून बत्तीस वजा करून काही निघत नाही.
नफीसाला सांगितलं, मैदा जुना निघाला.

दुसऱ्या घाण्याला मुबीनला हाक मारली.
म्हसळ्याचा पोरगा, येऊन तीन आठवडे झालेत,
अजून चहाचा ग्लास रुमालाने धरतो.
म्हटलं, हात घाल. मोठ्याने मोज.
हसला. मग मोजायला लागला.
पाच, सहा, सा...
आणि कोपरापासून मागे.

बटण तीनशे पंचवीसवर होतं.
एकशे त्रेसष्ट, आपल्या हिशेबाने.
खिशातून लोखंडावर खुणा करायचा खडू काढला
आणि तिथे रेघ मारून ठेवली, जाड.
पुढल्या ईदला
त्याच्याही हाताला विचारून उपयोग नाही.