छाट

हजार विड्या वळून आई कंपनीत जायची,
सूप कमरेला लावून.
खिडकीपलीकडचा चंदय्या मुठीनं विड्या उचलायचा,
दोन बोटांत दाबायचा,
आणि बाजूच्या डब्यात टाकायचा. छाट.
का, ते विचारायचं नसे.
छाटेचे पैसे नाहीत. छाट परतही नाही.
मी सहा वर्षांचा, पदराआडून विचारलं,
मग त्या डब्यातल्या विड्या कोण ओढतं?
रांगेतल्या बायका हसल्या.
आई हसली नाही.

पुढं मोर्चे झाले. पूनम गेटसमोर
चव्वेचाळीस डिग्रीत बायका बसल्या,
लेकरांच्या डोक्यावर सुपांची सावली धरून.
छाट हजारी शंभरावरून पन्नासवर आली,
अकरा वर्षांनी पंचवीसवर.
वीरेशण्णांनी पेढे वाटले.
त्या पेढ्याला मी नावं ठेवणार नाही,
त्यातच बहिणीचा चष्मा आला.
पण घरी येऊन आई तेलुगूत पुटपुटली ते असं होतं :
छाट कमी झाली रे,
छाटणारा हात तोच आहे.

तीन वर्षांत छाट पुन्हा चाळीसवर गेली.
तेव्हा कुणी काही वाटलं नाही.

मी आता नीलम नगरात टॉवेल विणतो.
मागांच्या खटाखटात बोलणं ओठांवरून वाचतो.
शेठ वाईट माणूस नाही.
बापाच्या डायलिसिसला त्यानंच हात दिला,
आणि बोनस कापला तोही त्याच हातानं.
परवा म्हणाला, शेड विकतोय, गोडाऊन होईल.
त्याला कुणाला विचारायला लागलं नाही.

आम्ही बावीस जण आमदार निवडतो, नगरसेवक निवडतो,
पण माग कधी बंद पडावा, यावर
बोट वर करायचं नाही.
शाई लागलेलं बोट गेटच्या आत ग्रीसमध्ये बुडतं.
पाणी पाच दिवसाआड, मत पाच वर्षांआड,
हंडे भरून ठेवायचे नि पुरवायचे.

वीरेशण्णा म्हणाले, दमानं घे बाळा,
आधी नुकसानभरपाई मागू, पायरी पायरीनं जाऊ.
म्हणालो, अण्णा, चढलो की पायऱ्या.
पण जिना त्यांच्या घरातला.
वरून फळ्या काढून घेतात.
लोकशाही समाजवाद, तुम्हीच म्हणायचा माईकवर,
तो आता खाली उतरवू, या शेडमध्ये.
माग आपण घेऊ, बँकेकडं जाऊ,
सूत आणि वीज परवडेल असं सरकारला धरू,
पण सरकारचा साहेब खुर्चीत नको.

राघवेंद्र बिर्रू कोपऱ्यातून म्हणाला,
का बे, सूतगिरणी पण आपलीच होती की!
चेअरमननं गाडी घेतली, चात्या भंगारात गेल्या.
खरं होतं. माझ्याही बापाचा शेअर त्यात बुडाला.
थोडा वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणालो, वही कुलपात होती म्हणून.
इथं वही दोरीनं खांबाला बांधू,
आणि चेअरमनला दर सहा महिन्यांनी
उतरवता आलं पाहिजे.
राघवेंद्र म्हणाला, बघू. पटलं म्हणाला नाही.

मतदान रविवारी. पांढरी कांडी म्हणजे घ्यायचं,
लाल म्हणजे नको.
पेटी म्हणून आईचं सूप.
बावीस कांड्या मोजून ठेवल्या, तोच राजमणी उठली,
हातात दोऱ्याचा गुंता तसाच.
आमच्या कुठायत?
कांड्या भरणाऱ्या पाच जणी
आम्ही धरल्याच नव्हत्या.
चंदय्याच्या डब्याचं झाकण
माझ्याच हातात होतं.

पाच कांड्या आणखी आल्या. सत्तावीस.
सूप फरशीवर उलटं केलं,
एक एक वेगळी करत गेलो.
एक पांढरी, पण अर्धीच भरलेली, सैल.
मागून कुणीतरी म्हणालं, ही धरायची का?

आई भिंतीला टेकून बसली होती.
म्हणाली, धर.