तीन नंबरचा आवाज

आमच्या पंपघरात वही टेबलाला साखळीनं बांधलेली आहे,
जणू तिलाच पळून जायची घाई.
रात्रीचा माणूस तिच्यात लिहितो, सकाळचा वाचतो,
आणि मधल्या वीस मिनिटांत, जेव्हा आत कोणीच नसतं,
समुद्राहून खालची ही फ्रीसलंडची जमीन
त्या वहीच्या भरवशावर कोरडी राहते.

वीबरनला मी तेव्हा धड पाहिलंही नव्हतं.
मी सायकलवरून बांधाच्या वळणाला लागले
की तो पलीकडून यायचा,
म्हणजे त्याचा दिवा यायचा.
अक्षर मात्र ओळखीचं:
उजवीकडे कललेलं, वाऱ्यातल्या बोरूसारखं.

नोव्हेंबरच्या त्या रात्री मी लिहिलं,
"तीन नंबरचा आवाज वेगळा वाटतो. लक्ष असावे."
पुन्हा वाचा. चूक काहीच नाही.
शुद्धलेखन नीट, सूर अदबीचा,
नवख्या बाईनं जुन्या माणसाला लिहावं तसा.
लेउवर्डनच्या ऑफिसातून कागद येतात ना,
"सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी",
त्यांच्या पंगतीला सहज बसेल असं वाक्य.

वीबरननं लक्ष दिलं.
खरंच दिलं. खुर्ची ओढून तासभर बसला म्हणे.
पण आठवडाभराच्या रजेवरून आलेला माणूस,
वेगळा कशापेक्षा, हे त्याच्या कानाला कोण सांगणार?
दुपारी दोनला बेअरिंग जाम.
हिल्केच्या कुरणात गुडघाभर पाणी.
चौदा मेंढ्या बांधावर चढल्या.

पंधरा होत्या.

ऊने रागावला नाही.
चष्मा पुसून त्यानं माझ्या ओळीवर बोट ठेवलं,
नखात चाळीस वर्षांचं ग्रीस,
आणि "असावे"पाशी थांबला.
"कोणाचं?"
एवढंच विचारलं.

मला वाटलं होतं, मी नम्रपणे लिहिलंय.
मी भिऊन लिहिलं होतं.
ताकाला गेले आणि भांडं कोटाखाली लपवलं:
माझा कान चुकीचा निघाला तर?
म्हणून "वाटतो".
म्हणून ते कर्ता नसलेलं क्रियापद,
रिकाम्या होडीसारखं पाण्यात ढकललेलं,
कोणीतरी वल्हवेल या आशेवर.

हिल्केला पत्र लिहिलं. तीनदा फाडलं.
चौथं दोन वाक्यांचं झालं:
मी ऐकलं होतं. मी नीट लिहिलं नाही.
उत्तर आलं नाही. यायलाच हवं असंही नाही.

फेब्रुवारीत तोच आवाज, या वेळी दोन नंबरला.

"०३:४०. दोन नंबर, कालव्याकडचं बेअरिंग.
ओला दोर खुंट्यावर घासावा तसा आवाज, दर चौथ्या फेऱ्याला. काल नव्हता.
हात ठेवला. तीन मोजेपर्यंत सोसला. काल दहापर्यंत सोसत होता.
वंगण भरलं. फरक नाही.
वीबरन, सातच्या आत तू हा बंद कर.
एक आणि तीन उद्या रात्रीपर्यंत पुरतील.
मी चुकत असेन तर तुझा एक दिवस वाया जाईल, तो माझ्या नावावर.
शंका आली तर फोन कर. झोपले असले तरी.
येल्त्ये."

लिहून झालं आणि
अंगावरचा कोट काढल्यासारखी थंडी वाजली.

दुपारी जाग आली. फोन वाजलाच नव्हता.
मग त्या तीन मोजण्याबद्दल शंका येऊ लागली,
भरभर मोजलं असेल का मी,
रात्री हात गारठलेले असतात, वगैरे.

रात्री वही उघडली. कललेलं अक्षर:

"वाचलं. ६:५०ला बंद केला.
बेअरिंग काढलं. आतून निळं पडलंय. खिडकीत ठेवलंय, बघ.
शंका आली नाही म्हणून फोन केला नाही.
खालच्या कप्प्यात चीज आहे.
येल्त्ये, ते तुझं.
ऊने, तुझं नाही."